जांबो हाउस की किदानी व्हिलेज? आधी उजेडाचे तास मोजा

अमेरिकेतल्या डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलं की आपल्या घरांमध्ये पहिला वाद हॉटेलवरून होतो. "झोपायलाच तर जायचंय, मग एवढे पैसे कशाला?" असं एक जण म्हणतो. "गॅलरीतून जिराफ दिसतात म्हणे, एकदाच तर जाणार," असं दुसरा. आमच्याकडे हा वाद दोनदा झाला आणि दोन्ही वेळा जिराफवाले जिंकले. पहिल्या वेळी आमचे पैसे वाया गेले, दुसऱ्या वेळी पै न पै वसूल झाली. हॉटेल दोन्ही वेळा तेच होतं, ऑर्लँडोजवळचं अ‍ॅनिमल किंगडम लॉज. फरक कशामुळे पडला हे नीट सांगितलं तर तुमचा निर्णय सोपा होईल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

या लॉजच्या इमारती दोन. जांबो हाउस २००१ साली उघडलं. त्याचे वास्तुरचनाकार पीटर डॉमिनिक. डिस्ने वर्ल्डमधलं वाइल्डरनेस लॉजही त्यांचंच. किदानी व्हिलेज २००९ मध्ये आलं. दोन्ही शेजारी आहेत, एकीकडून दुसरीकडे चालत दहाएक मिनिटं लागतात. या इमारतींच्या आजूबाजूला गवताळ माळ राखलेत: जांबोकडे अरुशा आणि उझिमा, किदानीकडे पेम्बे, आणि दोघांच्या मधे सनसेट. त्यांवर तीसेक जातींचे दोनशेहून जास्त प्राणी-पक्षी आहेत. जिराफ, झेब्रे, वेगवेगळी हरणं, शहामृग, लांब शिंगांची आंकोले गुरं. दिसेल असं कुंपण कुठेच नाही. चर आणि पाणी अशा खुबीने आखलेत की जनावर थेट तुमच्या गॅलरीखालच्या गवतात चरतंय असं वाटतं.

मुलांना आधीच सांगून ठेवा: इथे सिंह नाही, हत्ती नाही, गेंडा आणि पाणघोडाही नाही. ते सगळे अ‍ॅनिमल किंगडम या पार्कमधल्या किलिमांजारो सफारीत, म्हणजे उघड्या ट्रकमधून फिरवतात त्या राइडमध्ये. आणि नाव सारखं असलं तरी लॉजवरून त्या पार्कला चालत जाता येत नाही, बसनेच जावं लागतं. हे ठाऊक नसल्याने "पार्क शेजारीच आहे" या समजुतीवर बुकिंग करणारी दोन कुटुंबं मला स्वतःला माहीत आहेत.

आता आमची पहिली चूक. डिसेंबरची सुट्टी होती. नवरा, मी आणि दोन मुलं, जांबो हाउसमध्ये, सवाना व्ह्यूची खोली, म्हणजे जिच्या गॅलरीतून हे गवताळ माळ दिसतात ती. त्या महिन्यात ऑर्लँडोला सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि साडेपाचला मावळतो. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी सोडतात, त्या अर्ध्या तासात रांगा छोट्या असतात, म्हणून आम्ही रोज सातच्या आत बस पकडायचो. परत यायला रात्रीचे नऊ-दहा. चार रात्री राहिलो आणि गॅलरीतून आम्हाला दिसला तो काळोख. फक्त निघायच्या दिवशी सकाळी, बॅगा भरता भरता, मुलीने पडदा सरकवला आणि ओरडली. खाली सहा-सात झेब्रे उभे होते. तिने विचारलेला प्रश्न मी विसरलेले नाही: "आई, हे रोज इथे होते?"

रोज होते. पैसे आम्ही रोज भरत होतो, बघत मात्र एकही दिवस नव्हतो.

म्हणून जांबो की किदानी याच्याही आधी कागद-पेन घ्या आणि मांडा: दिवसाउजेडी तुम्ही खोलीत किती तास असणार? सवाना व्ह्यूच्या खोलीला साध्या खोलीपेक्षा जे जास्तीचे पैसे पडतात, त्यांना या तासांनी भागा. रोज पहाटे पार्क आणि रात्री परत असा कार्यक्रम असेल तर हिशोब कुठेच बसत नाही. एक पूर्ण दिवस पार्कशिवाय ठेवणार असाल, किंवा दुपारी परत येऊन मुलांना झोपवणार असाल, तर बसतो. जूनमध्ये उजेड सकाळी साडेसहापासून रात्री आठच्या पुढेपर्यंत असतो, त्यामुळे हिशोब आणखी सोपा होतो. भर दुपारी मात्र जनावरंही सावली धरून बसतात. सकाळचे पहिले दोन तास आणि उन्हं उतरल्यावरची वेळ, बघायचं ते यातच.

दुसऱ्या वेळी जून होता. सांगोल्याहून आई-बाबा आले होते. सहा दिवसांत पार्क फक्त तीन ठेवले. पहिल्या सकाळी मी उठले तेव्हा बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसलेले, आई चहाचा कप तसाच हातात धरून उभी. समोर, आमच्या गल्लीतल्या पलीकडच्या घराएवढ्या अंतरावर, एक जिराफ फांदीवरचा पाला ओरबाडत होता. त्याची जीभ काळपट जांभळी, वीतभराहून लांब; फांदीला वेटोळं घालून ती पाला खेचून घेते आणि फांदी झटक्याने मागे जाते. त्या झटक्याचा आवाज येत होता. आईने हळूच विचारलं, "ह्याला खाली बसता येतं का गं?" मग अर्धा तास कोणी काही बोललं नाही. चहाही पुन्हा करावा लागला.

बाबांचं मन मात्र आंकोले गुरांवर बसलं. त्यासाठी ते रोज किदानीहून चालत जांबोकडे, अरुशा माळावरच्या प्राणी बघायच्या कट्ट्यापर्यंत जायचे. तुम्ही कुठल्याही इमारतीत उतरलात तरी दोन्हीकडचे कट्टे, पोहण्याचे तलाव, सगळं वापरता येतं. आमच्याकडे खिल्लार बैलाची शिंगं लांब, बाकदार, टोकाला अणकुचीदार असतात. आंकोलेची बुडापाशीच मांडीएवढी जाड. "मान कशी पेलत असंल?" हे बाबांनी तिथल्या माणसाला मला भाषांतर करायला लावून विचारलं. शिंगं आतून बरीचशी पोकळ असतात आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला उपयोगी पडतात, असं त्याने समजावून सांगितलं. बाबा घरी जाऊन अजून हेच सांगतात. पार्कमधल्या कुठल्याही राइडचं नाव त्यांना आठवत नाही.

आता खोलीचा प्रकार. हे बारकाईने वाचा, कारण आमच्या ओळखीतले एक कुटुंब इथे फसलं. त्यांच्या ट्रॅव्हल एजंटने "सवानाच्या हॉटेलात खोली" एवढंच सांगितलं होतं. प्रत्यक्षात खोली होती साध्या व्ह्यूची, समोर पार्किंग आणि छपरं. बुकिंगच्या कागदावर 'सवाना व्ह्यू' हे दोन शब्द स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पूल व्ह्यू म्हणजे सवाना नव्हे, स्टँडर्ड किंवा रिसॉर्ट व्ह्यू तर नव्हेच.

मग जांबो की किदानी? आत शिरताना जो श्वास रोखला जातो, तो जांबोमध्ये. गवताने शाकारल्यासारखं दिसणारं प्रचंड उंच छप्पर, ढालींच्या आकाराची झुंबरं, आणि नायजेरियातल्या इग्बो लोकांचा माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीचा इजेले मुखवटा. किदानीची लॉबी त्यामानाने घरगुती, शांत. ज्यांना हॉटेलचा थाट हवा आणि दोन-तीन रात्रीच राहायचंय, चौघांचंच कुटुंब आहे, त्यांनी जांबो घ्यावं. खोल्या लहान आहेत, साधारण साडेतीनशे चौरस फुटांच्या, पण काहींत मुलांसाठी बंक बेड असतात आणि मुलांना तेच आवडतात.

आई-बाबा बरोबर असतील तर मी डोळे मिटून किदानी सांगेन. तिथल्या बहुतेक खोल्या व्हिला प्रकारच्या आहेत. एक बेडरूमच्या व्हिलाला दोन बाथरूम, दोन बेडरूमच्या व्हिलाला तीन. जांबोतल्या तशाच व्हिलापेक्षा एक जास्त. सकाळी सहा जणांना आवरायचं असतं तेव्हा या एका बाथरूमची किंमत कळते. शिवाय पूर्ण स्वयंपाकघर, कपड्याचं मशीन. आईने तिसऱ्या दिवशी कुकर नसतानाही पातेल्यात वरण-भात लावला आणि मुलं पार्कमधल्या पिझ्झानंतर त्यावर तुटून पडली. स्टुडिओ, म्हणजे एकच खोली, घेतला तर मात्र मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिजच मिळतो.

किदानीची खोड एकच, पण मोठी: तिचे व्हरांडे संपता संपत नाहीत. किदानी म्हणजे स्वाहिलीत गळ्यातला हार, आणि इमारत तशीच वळत गेलेली आहे. टोकाची खोली मिळाली तर लॉबीपर्यंत चालून गुडघे बोलायला लागतात. बुकिंग करताना "लॉबीजवळची खोली" अशी विनंती नोंदवा. स्वतःची गाडी असेल तर हा त्रास बराच कमी होतो, कारण पार्किंग इमारतीच्या खालीच आहे आणि खोल्यांजवळच्या लिफ्टने थेट वर येता येतं. हॉटेलात राहणाऱ्यांना पार्किंगचे वेगळे पैसे नाहीत. जांबोचं पार्किंग उघड्यावर आहे. तलाव दोन्हीकडे छान, दोन्हीकडे घसरगुंडी. अगदी लहान मुलांना पाण्यात खेळायची वेगळी जागा किदानीत बरी.

स्वाहिलीचा विषय निघालाच आहे तर, मुलांना एक खेळ द्या: ओळखीचे शब्द शोधायचे. दुकानाला स्वाहिलीत 'दुका', गाडीला 'गारी', चहाला 'चाय', चपातीला 'चपाती'. आणि 'सफारी' म्हणजे प्रवास, आपल्या 'सफर'चंच भावंड. अरबी समुद्रावरच्या व्यापाराने हे शब्द इकडून तिकडे नेले. आमच्या मुलाने दोन दिवस हेच केलं.

जेवणाचं थोडं लांबवून सांगते, कारण शाकाहारी लोकांना अमेरिकेतल्या पार्कांत सगळ्यात मोठा घोर याचाच. किदानीमधलं 'साना' हे उपाहारगृह आफ्रिकी स्वयंपाकाला भारतीय मसाल्यांची जोड देतं, आणि त्याच्या खिडक्या थेट माळावर उघडतात. तिथली ब्रेड सर्व्हिस मागवा: नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा यांतून निवडायचं आणि बरोबर नऊ वाट्या येतात. काकडीची कोशिंबीर म्हणता येईल असं रायतं, चिंचेची, कोथिंबिरीची आणि आंब्याची चटणी, लसणाचं लोणचं, हिरव्या मिरचीचं लिंबू घातलेलं झणझणीत लोणचं. आईने ते शेवटचं बोटाने पुसून खाल्लं. जांबोमधलं 'बोमा' म्हणजे सकाळ-संध्याकाळचा बुफे. आफ्रिकी मसाल्यांची सुपं आणि भाज्या चविष्ट, पण पैसे वसूल होतात ते मांसाहारी माणसाचे. तिथली 'झेब्रा डोम' ही पट्ट्यापट्ट्यांची मिठाई प्रसिद्ध आहे. शाकाहारी असाल, किंवा ताट मुलांपुढे जाणार असेल, तर जिलेटिन आणि मद्य याबद्दल आधी शेफला विचारा. विचारलं की शेफ स्वतः बाहेर येऊन काय चालेल, काय नाही ते दाखवतात. तिसरं उपाहारगृह 'जिको' मोठ्यांच्या निवांत जेवणासाठी, लहान मुलांना घेऊन जाण्याची जागा नव्हे.

ज्यांचा उजेडाचा हिशोब शून्याच्या आसपास आला, त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे आणि तो मला मनापासून पटतो. राहा दुसरीकडे. पॉप सेंच्युरी किंवा आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन ही डिस्नेचीच स्वस्त हॉटेलं, तिथून स्कायलायनर नावाचा रोपवे डिस्ने वर्ल्डमधल्या एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या पार्कांना नेतो. लॉजला बसशिवाय काही नाही, आणि मॅजिक किंगडम या पार्कहून परतताना ती बस झोपाळलेल्या मुलांसह चांगलीच लांब वाटते. अर्धा तास आधी प्रवेश, आणि रांग चुकवणारा लाइटनिंग लेन पास सात दिवस आधी घेण्याची सोय, हे स्वस्त हॉटेलातही मिळतं. मग एका दुपारी सानामध्ये जेवायला या, अ‍ॅनिमल किंगडम पार्कमधून फुकट बस आहे, आणि जेवून दोन तास कट्ट्यांवर उभं राहा. राहणाऱ्यांना दिसतात तेच जिराफ तुम्हालाही दिसतील.

आणि राहायचंच ठरलं, पण दर बघून छातीत धस्स झालं, तर किदानीसाठी एक वाट आहे. डिस्नेच्या व्हेकेशन क्लबचे सभासद राहण्यासाठी आधीच विकत घेतलेले, पण न वापरलेले पॉइंट भाड्याने देतात. हॉटेलच्या दरावर वर साडेबारा टक्के कर लागतो, तो यात पडत नाही, आणि एकूण रक्कम बरीच खाली येते. बदल्यात दोन गोष्टी सोसाव्या लागतात: रोज खोली आवरून मिळत नाही, आणि बुकिंग रद्द केलं तर पैसे बहुधा परत येत नाहीत. आई-बाबांचा व्हिसा हातात आल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. आम्हीही पासपोर्टवर शिक्का बघूनच पैसे भरले होते.

तारखा ठरल्या की आधी 'सवाना व्ह्यू' लिहून आलेलं बुकिंग, मग लॉबीजवळच्या खोलीची विनंती. सानाचं टेबल साठ दिवस आधी सकाळी उघडतं; दुपारी साडेअकराचं घ्या, खिडकीजवळचं मागा.