करटोली, चौधारी, पॅशन फ्रूट आणि ड्रॅगन फ्रूट: गच्चीवर दोन पावसाळे काढल्यानंतर

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. करटोलीला पाचपैकी पाच, पण संध्याकाळी घरी असाल तरच. चौधारी घेवड्याला साडेचार. पिवळ्या पॅशन फ्रूटची एकच वेल लावणार असाल तर शून्य, दोन लावल्यात तर चार. ड्रॅगन फ्रूटला तीन, तेही फुलासाठी.

जागा ठाण्यातली. चार मजली जुनी इमारत, सोसायटीची लेखी परवानगी, दिवसभर ऊन, जून ते सप्टेंबर धो धो पाऊस आणि वर कायम वारा. रोपं विकणारे पाणी, खत, ऊन एवढंच सांगतात. या चारही झाडांना ते पुरतं, पण तेवढ्यावर ती फक्त वाढतात. फळायचं की नाही, हे घड्याळावर ठरतं. फूल किती वाजता उघडतं, दिवस किती तासांचा आहे, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या वाट्याला नुसता पाला येतो.

करटोलीपासून सुरुवात करते, कारण माझा जीव तिच्यात जास्त अडकलाय. शहापूर-मुरबाडकडच्या बायका श्रावणात टोपलीत घेऊन बसतात आणि पाव किलोचा भाव ऐकून आपण दोनदा विचार करतो, तीच ही. बी पेरू नका. एक तर ते लवकर रुजत नाही, आणि रुजलं तरी वेल नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. कंद घ्या, आणि घेताना मादी कंद जास्त व एखादा नर असं स्पष्ट मागून घ्या. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. गच्चीवर तितक्या वेली कोण लावतो म्हणा, पण नर हवाच. मी मेच्या शेवटी ग्रो-बॅगमध्ये, म्हणजे लागवडीच्या पिशवीत, कंद पुरले. पहिल्या पावसात कोंब वर आले आणि जुलैत पिवळी फुलं लागली.

मादी फुलाच्या मागे इवलंसं काटेरी करटोलं आधीपासूनच असतं. नर फुलाच्या देठाशी पानासारखं एक आवरण असतं. एकदा बघितलं की पुन्हा गोंधळ होत नाही. फुलं उमलतात दिवेलागणीला, मंद वास सुटतो आणि सकाळी ती मिटलेली असतात. रानात हे काम रात्रीचे पतंग करतात. आमच्या गच्चीवर ट्यूबलाइटभोवती पतंग पुष्कळ, करटोलीकडे मात्र एकही फिरकत नाही. म्हणून साडेसात-आठच्या सुमाराला नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि परागकण मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवायचे. एका नर फुलात तीन-चार मादी फुलांचं काम होतं. हे केलं नाही तर ते इवलं करटोलं दोन दिवसांत पिवळं पडून गळतं. केलं तर साधारण दोन आठवड्यांत भाजीजोगं होतं. जास्त वाट बघू नका, आतली बी टणक झाली की चावता चावत नाही.

भर हंगामात आठवड्याला एक भाजी चार माणसांना पुरेल इतकी निघाली. कांदा, थोडी हरभऱ्याची डाळ, वरून ओलं खोबरं. सासूबाईंचं म्हणणं, रानातल्याची चव याला नाही. तरी दुसऱ्यांदा वाढून घेतात.

दिवाळीनंतर वेल वाळते. इथे बरेच जण झाड मेलं म्हणून माती ओतून देतात. कंद खाली जिवंत असतो. पाणी बंद करायचं, पिशवी पावसाच्या आडोशाला सरकवायची आणि मेपर्यंत विसरून जायचं. दुसऱ्या वर्षी माझ्या वेली पहिल्यापेक्षा जोमदार आल्या, खर्च शून्य.

चौधारी घेवडा काहींनी गोव्यात किंवा कोकणात पाहिला असेल. शेंगेला चार झालरी, आडवी चिरली की चांदणीसारख्या चकत्या पडतात. बी कमालीचं टणक. रात्रभर भिजवून जे फुगणार नाही त्याला पॉलिश पेपरवर घासायचं आणि पुन्हा भिजवायचं. जूनमध्ये पेरलं की वेल नुसती पसरत सुटते. सप्टेंबर उजाडला तरी एक फूल नाही, आणि नेमकं तेव्हाच लोक खत वाढवतात. खताचा इथे काही संबंध नाही. हा घेवडा दिवस लहान झाल्याशिवाय फुलतच नाही. आपल्याकडे जूनचा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. तो बारा तासांवर उतरला की मग फिकट निळी फुलं येतात. ऑक्टोबर ते जानेवारी शेंगा. परागीकरणाची कटकट नाही, फूल स्वतःच निभावून नेतं. म्हणजे फेब्रुवारीत बी लावून उन्हाळ्यात शेंगा खायचं स्वप्न असेल तर सोडा. वर दिव्याचा झोत पडत असेल तिथेही लावू नका, रात्रीचा उजेड तिला दिवसासारखाच वाटतो.

पानं, फुलं, शेंगा, बिया, मुळं, सगळं खाता येतं. बियांमध्ये प्रथिनं सोयाबीनच्या जवळपास. 1975 साली अमेरिकेच्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने या वेलीची मोठी शिफारस केली होती. उष्ण कटिबंधाचं भविष्य वगैरे. शेतात ती फारशी पसरली नाही, कारण प्रत्येक वेलीला मांडव द्यायचा खर्च कोण करणार? गच्चीवर मात्र मांडव आधीच उभा असतो. कोवळी शेंग कच्चीच कोशिंबिरीत छान लागते. वीतभर झाली की लगेच तोडा, झालरी कडक व्हायला वेळ लागत नाही.

पॅशन फ्रूट जांभळं आणि पिवळं अशा दोन प्रकारांत मिळतं. जांभळ्याला थंड, उंचावरची हवा मानवते, आपल्या दमट उकाड्यात पिवळं चालतं. हे पिवळं स्वतःच्या परागकणांनी फळत नाही. शेजारी दुसरी वेल हवी, आणि तीही वेगळ्या बियांपासून झालेली. एकाच वेलीच्या दोन फांद्या लावल्यात तर ती एकच वेल धरायची. मला ज्या रोपवाटिकेने रोप दिलं तिथे ‘एक पुरेल’ असं छातीठोकपणे सांगितलं होतं. पहिलं वर्ष नुसती फुलं बघण्यात गेलं. दुसरी वेल बियांपासून केली आणि प्रश्न मिटला.

याचं फूल दुपारी बाराच्या सुमाराला उघडतं, संध्याकाळी मिटतं. मोठा काळा भुंगा आला तर तो काम करून जातो. मधमाशी लहान पडते, परागकण नेते आणि उपयोग काही नाही. नोकरी करणाऱ्याने हे शनिवार-रविवारवर ठेवावं. फूल उघडल्यावर तासभर थांबा, वरचे तीन दांडे खाली वाकतात, मग ब्रश फिरवा. फळ तयार व्हायला दोन-सव्वादोन महिने लागतात आणि पिकलं की आपणच गळतं, म्हणून खाली जाळी बांधलीय. नारिंगी फुलपाखराच्या काटेरी अळ्या पानं फस्त करतात. हाताने वेचते, फवारत नाही. भुंगा त्याच फुलांवर येतो.

ड्रॅगन फ्रूटबद्दल इतकं बोललं जातं की मी थोडक्यात उरकते. 2021 मध्ये गुजरात सरकारने त्याचं नाव ‘कमलम’ केलं, तरी चव तीच, बेताची. पांढऱ्या गराचं बहुधा एकटंही फळतं, लाल गराच्या बऱ्याच जातींना जोडीदार लागतो. फूल रात्री उमलतं आणि उजाडल्यावर मिटतं. ऐन बहर पावसाळ्यात, त्यामुळे रात्रभर सर आली की पराग धुऊन जातात. मेच्या उन्हात फांद्या पिवळ्या पडल्या म्हणून शेडनेट बांधावी लागली. खांब, फांद्या टेकायला वरचं चाक, मोठा ड्रम, वाऱ्यात हलू नये म्हणून ताणून बांधलेल्या दोऱ्या, एवढं सगळं करून हंगामात मोजकी फळं. पावसाळ्यात सांगली-सोलापूरकडचा माल बाजारात रास्त भावात येतो. पण ते फूल! वीतभराहून मोठं, पांढरंशुभ्र. शेजारपाजारचे रात्री दहाला वर येऊन फोटो काढतात. फक्त त्यासाठी ठेवलंय.

पिशव्यांबद्दल एक गोष्ट. अठरा इंची ग्रो-बॅग पावसात भिजली की साठ किलोच्या वर जाते. स्लॅबच्या मध्यावर रांग लावू नका, तुळईवर किंवा भिंतीकडेला ठेवा आणि खाली विटा द्या म्हणजे पाणी वाहतं राहील. नुसत्या लाल मातीऐवजी कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), शेणखत, थोडी माती आणि मूठभर निंबोळी पेंड घातली तर वजनही कमी होतं. पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्या उन्हाने वर्षात फाटल्या, विणलेल्या जाड पिशव्या अजून शाबूत आहेत.

येत्या मेमध्ये ड्रॅगनचा एक ड्रम खाली शेजाऱ्यांना देणार आहे. त्या जागी करटोलीचे आणखी कंद, माद्या.