चार पिव्होटची फुल-सस्पेन्शन माउंटन बाइक फ्रेम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, मागच्या चाकाला 150 मिमी ट्रॅव्हल (वर-खाली हालचाल), 230×65 मापाचा (लांबी आणि स्ट्रोक, मिमीमध्ये) एअर शॉक आणि चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर), मागच्या अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे पिव्होट, म्हणजे फिरता सांधा. ही हॉर्स्ट लिंक. हॉर्स्ट लाइटनरचं हे पेटंट 1998 मध्ये स्पेशलाइज्डने विकत घेतलं. तेव्हापासून ते संपेपर्यंत अमेरिकेत इतरांना परवाना तरी घ्यावा लागे, नाहीतर पिव्होट अ‍ॅक्सलच्या वर, सीटस्टेवर (वरच्या नळीवर) न्यावा लागे. दिसायला फरक बोटभराचा. पण पिव्होट वर गेला की अ‍ॅक्सल चेनस्टेलाच जोडलेला राहतो, म्हणजे चाक सिंगल पिव्होटसारखंच एका बिंदूभोवती फिरतं. वरच्या लिंक फक्त शॉक दाबण्यापुरत्या.

उतारावर ब्रेक दाबल्यावर हा फरक कळतो. सिंगल पिव्होटमध्ये बहुतेक वेळा मागची बाजू खाली खेचली जाऊन आखडते. इथे ब्रेकचा कॅलिपर सीटस्टेवर असल्याने खडकाळ जागी ब्रेक धरूनही चाक दगडांवरून वर-खाली होत राहतं. बदल्यात जोरात ब्रेक मारला की मागचा भाग उचलला जातो आणि वजन हातांवर येतं. तीव्र उतारावर ते आवडेलच असं नाही.

पेडल मारताना डुलणं कमी आहे, शून्य नाही. 1990 च्या दशकातल्या यूआरटी (युनिफाइड रिअर ट्रँगल) फ्रेमनी डुलणं बंद केलं होतं, पण बॉटम ब्रॅकेट (पेडलचा अक्ष) मागच्या चाकाबरोबर एकाच तुकड्यावर ठेवून. पेडलवर उभं राहिलं की सस्पेन्शन जवळपास संपायचं, म्हणजे नेमकं हवं तेव्हा. या फ्रेमवर पुढे 32 दातांची चेनरिंग ठीक वाटते. 34 लावली की चेनची ओढ पिव्होटच्या तुलनेत वर सरकते, अँटी-स्क्वाट (पेडल मारताना मागची बाजू दबण्याला होणारा विरोध) घटतं आणि चढावर शॉक जास्त हलतो.

सेटिंगमध्ये सर्वात जास्त चुका सॅगच्या होतात, म्हणजे स्वाराच्या वजनाने शॉक किती दबतो त्याच्या. हवा थोडी थोडी भरत दर वेळी शॉक हळूच दहाएक वेळा दाबा, म्हणजे निगेटिव्ह चेंबर (शॉकमधली उलट दाब देणारी हवेची पोकळी) भरतो. हे न केल्यास आकडा खोटा येतो. मग पूर्ण साहित्यानिशी पेडलवर उभं राहून शॉकवरची ओ-रिंग किती सरकली ते बघा. 65 मिमी स्ट्रोकचे 30 टक्के म्हणजे 19.5 मिमी. सॅग बरोबर असूनही शॉक तळाला आपटत असेल तर हवा वाढवू नका, एक व्हॉल्यूम स्पेसर (शॉकमधली हवेची जागा कमी करणारा तुकडा) घाला.

खरा खर्च बेअरिंगचा. पिव्होटचं बेअरिंग पूर्ण फिरत नाही, काही अंशच हलतं. गोळ्या त्याच जागी रुततात, तिथलं ग्रीस बाजूला सरकतं, त्यात पाणी शिरतं. सातव्या महिन्यात चेनच्या बाजूचं मेन पिव्होट बेअरिंग गेलं. प्रेशर वॉशर थेट पिव्होटवर मारला तर आणखी आधी जाईल. तपासायचं असेल तर शॉक काढून मागचा त्रिकोण हाताने वर-खाली करा. मध्येच अडकल्यासारखं लागलं की बेअरिंग बदलायची वेळ झाली. ते हातोड्याने ठोकू नका. प्रेसने, फक्त बाहेरच्या रेसवर (कड्यावर) दाब देऊन बसवा. बोल्टच्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर, शाफ्टला ग्रीस, आणि बोल्टवर छापलेला टॉर्क. थ्रेडलॉकर बेअरिंगमध्ये गेलं तर नवं बेअरिंगही वाया.

कुरकुर मात्र बहुधा बेअरिंगची नसते. आधी शॉकच्या आयलेटचं (बोल्ट जाणाऱ्या टोकाच्या भोकाचं) बुशिंग बघा: सीट धरून सायकल हलकेच उचला आणि सांध्यावर बोट ठेवा. टक् जाणवलं तर बुशिंगमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. ते बदलणं स्वस्त आणि सोपं.

भूमितीबद्दल थोडंच. हेड अँगल (पुढच्या फोर्कचा कल) 64.5 अंश, सीट अँगल (सीटच्या नळीचा कल) 77. चढावर सॅगमुळे मागची बाजू खाली बसते आणि सीट अँगल सपाट होतो, म्हणून कागदावर तो इतका उभा ठेवतात. जुन्या 73 अंशांच्या फ्रेमवर खड्या चढाला पुढचं चाक उचललं जायचं. इथे तो त्रास नाही. लिंकेजच्या नावावरून जितका वाद होतो, त्यापेक्षा या चार अंशांनी चढणं जास्त बदललंय. फक्त लांब सपाट रस्त्यावर हातांवर भार येतो, तेव्हा रोजची वाट सपाटच असेल तर ही फ्रेम घेऊ नये.