ट्रोलिंग मोटरला कोणती बॅटरी: एजीएम की लिथियम?

बास बोटीच्या (मासेमारीची छोटी बोट) ट्रोलिंग मोटरची (बोट हळू चालवणारी, जागेवर धरणारी छोटी विजेची मोटर) बॅटरी बदलताना बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. तुलना 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या डीप-सायकल (खोलवर वापरून पुन्हा चार्ज करायच्या) एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची.

वजन: एजीएम साधारण 30 किलो, लिथियम 11 ते 14. मोटर 24 व्होल्टची असेल तर दोन लागतात, म्हणजे फरक 30 किलोंच्या वर.

वापरता येणारी क्षमता हा खरा मुद्दा. एजीएम वारंवार निम्म्याखाली उतरवली आणि रात्रभर तशीच ठेवली, तर प्लेटांवरचं सल्फेट कडक होतं आणि क्षमता कायमची घटते. लिथियम 80-90 टक्के बिनधास्त वापरा. व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत 13 च्या आसपास टिकतं, त्यामुळे संध्याकाळीही मोटर ओढते. मात्र संपताना आतलं संरक्षक सर्किट पुरवठा एकदम तोडतं. व्होल्टमीटरवर अंदाज येत नाही, शंटचा मीटर (आत-बाहेर जाणारा करंट मोजून उरलेला चार्ज दाखवणारा) लावाच.

चार्जिंग: लिथियमला 14.4 ते 14.6 व्होल्टचा स्वतंत्र प्रोफाइल (चार्जरचं सेटिंग) हवा, इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला मुद्दाम जास्त व्होल्टेजने देतात तो चार्ज) अजिबात नको. शून्य अंशाखाली चार्ज केलीत तर सेल कायमचे खराब होतात.

खर्च: एजीएम घेताना स्वस्त, पण आयुष्य काहीशे सायकलींचं (एकदा उतरवून पुन्हा चार्ज करणं म्हणजे एक सायकल), लिथियमचं दोन हजारांच्या पुढे.

महिन्यातून एक-दोनदा, अर्धा दिवस जाणाऱ्याला एजीएम पुरते. घरी येताच चार्जिंगला लावायची. दर आठवड्याला दिवसभर वाऱ्यात बोट धरून ठेवणाऱ्याने लिथियम घ्यावी. इंजिन सुरू करायला मात्र वेगळी क्रँकिंग बॅटरीच ठेवा.