सांगलीत मिळणारा बिननावाचा शब्दखेळ: ‘चटनी’ लावून पाहिला

गणपती पेठेत मिळणारा हा संच घेताना आधी सोंगट्या मोजा. स्क्रॅबल या इंग्रजी शब्दखेळाप्रमाणे १०० हव्यात: ९८ अक्षरं, २ कोऱ्या. ई १२, सी, एच, वाय प्रत्येकी २. इथं भरती बरोबर आहे. पुठ्ठ्याचा पट मात्र घडीवर फुगतो, मधल्या ताऱ्याजवळ सोंगट्या घसरतात. रात्रभर वजनाखाली ठेवला की बराच बसतो. पिशवी इतकी पातळ की अक्षरं बाहेरून दिसतात. ही खरी उणीव, जाड कापडाची शिवून घ्याच.

कस लावायला इंग्रजी ‘चटनी’ (CHUTNEY) झकास. शब्द आपल्याकडचा, मूळ चाटण्यात. त्रिनिदादमध्ये ते एका संगीतप्रकाराचंही नाव आहे! अक्षरांचे गुण: सी ३, एच ४, वाय ४, यू-टी-एन-ई प्रत्येकी १, मिळून १५. पहिल्याच खेळीत वाय दुप्पट अक्षराच्या घरावर आणा: १९, ताऱ्यामुळे शब्द दुप्पट होऊन ३८, सातही सोंगट्या एकदम लावल्याचे ५०, एकूण ८८. तिथं सी आला तर ८६च. ते ५० कधीच दुप्पट होत नाहीत, इथं हमखास चुकतं. आणि उच्चाराच्या ओढीनं यूऐवजी ए लावलात, तर शब्दच बाद.