जुनं किचन-हॉल: भिंत पाडून ओपन किचन, का आहे त्यातच सुधारणा?

लातूर, नांदेड, परभणीकडच्या जुन्या घरांत बघा, हॉलला शहाबादी, किचनमधी कडप्प्याचा ओटा अन मधी जाडजूड भिंत. आता पोरं म्हणायलेत पाडा ती, अन घरातली मोठी माणसं नको म्हणायलीत.

आधी भिंत कसली ते बघा. कॉलम-बीमच्या घरात मधली ४ इंची भिंत बहुतेक नुसतं पार्टिशन असतंय. पण लोड बेअरिंग घरात स्लॅबचं वजन भिंतीवरच, तिथं मिस्त्रीच्या अंदाजावर हातोडा मारू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट ज्यांनी पाह्यलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

समजा पाडता येते. फायदा उजेडाचा, शिवाय सणावाराला बायका आत एकट्या कोंडून राहत नाहीत, माझ्या मते हाच खरा फायदा. तोटा म्हणजे येसराच्या आमटीला फोडणी पडली की ठसका थेट पाहुण्यांपर्यंत, मग पाइपातून धूर बाहेर टाकणारी चिमणी लागतेच, नुसती फिल्टरवाली पुरत नाही. अन कोणी आधी सांगत नाही ते हे, की मे महिन्यात हॉलमधल्या कूलरचा वारा सरळ गॅसवर येतो, ज्योत हलती, मग भाकरी होईपर्यंत कूलर बंद अन सगळे घामाघूम. म्हणून मी तर म्हणेन भिंत ठेवा, वरचं वजन पेलणारं आडवं लिंटेल टाकून ताटं द्यायला मोठी खिडकी काढा.

ओट्याला मात्र ग्रॅनाइटच. कडप्पा स्वस्त, पण तो चुनखडीचा दगड, लिंबू-चिंच सांडली की डाग बसतो. ग्रॅनाइटला तसं होत नाही, फक्त गडद रंग घ्या, फिकटावर तेल-हळद दिसते.

हॉलची शहाबादी उखडू नका, जागेवरच पॉलिश करून घ्या, उन्हाळ्यात पायाला गार लागते. वरून टाइल्स बसवल्या तर उंची वाढते अन सगळी दारं खालून कापावी लागतात. फरशा हलायल्यात, खाली पोकळ वाजायलंय, तरच बदला.

ट्रॉल्यांचं म्हणाल तर सिंकखाली एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड नको, पाण्यानं फुगतो. आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाणी सोसणारा मरीन प्लाय मागा. अन किचनच्या भिंतीला टाइल्स लावायच्या आधी आतले जुने लोखंडी पाइप बदलून टाका, बोअरच्या क्षारानं ते आतून चोंदलेले असतात, नंतर नव्या टाइल्स फोडाव्या लागतील.