बाबांच्या दीडशे सीड्या रिप केल्या (म्हणजे संगणकावर उतरवल्या), आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या जूनमध्ये फोंड्याच्या घरी बाबांच्या सीड्यांचं कपाट उघडलं तर बुरशीचा वास. केसरबाई, मोगूबाई, अभिषेकीबुवा, सगळी आमच्या गोव्याच्या मातीतली गायक मंडळी त्यात, म्हटलं अजून एक पावसाळा थांबलो तर संपलंच.

पहिल्या वीसेक घाईत थेट १२८ केबीपीएस, म्हणजे कमी दर्जाच्या, एमपीथ्रीत केल्या ती मोठी चूक, तानपुरा पाण्याखाली वाजतोय असा यायचा, सगळ्या परत कराव्या लागल्या. मग एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे रिप करायचं सॉफ्टवेअर घेतलं, सिक्युअर मोडवर, म्हणजे शंका आली की तोच भाग परत परत वाचतं. वेळ लागतो, एका चरे पडलेल्या सीडीला तीन तास लागले, पण लागू दे. त्यातली अॅक्युरेटरिप ही सोय तुमची रिप इतरांच्या रिपच्या ऑनलाइन यादीशी ताडून बघते, पण आमच्या बऱ्याच सीड्या त्यात नव्हत्याच, तिथे टेस्ट अँड कॉपी करा, तो ट्रॅक दोनदा वाचतो आणि दोन्ही सीआरसी (वाचलेल्या डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) सारखे आले तरच मी पुढे जायचो. बुरशीवाली सीडी साध्या साबणाच्या पाण्याने धुवायची आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही, कारण ट्रॅकच्या दिशेने चरा पडला तर वाचणं जास्त कठीण जातं.

फॉरमॅट फ्लॅकच ठेवा, त्यात आवाजातलं काहीच गळत नाही. कॉम्प्रेशन लेव्हल ५ काय नि ८ काय, आवाज तोच, फक्त फाइल थोडी लहान होते. जुनी मोनो रेकॉर्डिंग, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असल्या तर, खूपच कमी जागेत बसतात. नावं मात्र हाताने टाइप करावी लागली, कंटाळवाणं काम.

गाडीतला प्लेअर फ्लॅक घेत नाही म्हणून त्याच फाइल्समधून लेम या एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रॅमने व्ही२ दर्जाच्या एमपीथ्री काढल्या, आवाज छान. एकच खटकतं. विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथेच सीडीवाल्यांनी नवा ट्रॅक केलेला असतो, आणि गाडीत नेमका समेवर क्षणभर आवाज तुटतो, जीव कळवळतो हो. आता तसे राग सलग एका फाइलमध्येच काढतो.

अभिषेकीबुवांच्या एका सीडीतला तिसरा ट्रॅक काही केल्या जुळेना. शेवटी भावाचा मडगावहून जुना सीडी ड्राइव्ह आणला, त्यात दोन्ही सीआरसी जुळले. रात्रीचा दीड वाजला होता तरी बाबांना उठवून ऐकवलं.