पार्लरच्या कामाने पिचल्यावर: सलग सुट्टी की रोजची गिऱ्हाइकं कमी?

थ्रेडिंगचा दोरा हातात घेतला की वैताग येतो, गिऱ्हाइकाच्या गप्पांना नुसतं ‘हं हं’ होतं, रविवारचा आराम सोमवारी दुपारपर्यंतही पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने असं पार पिचून जाण्याची, नोंद आजार म्हणून नाही, तर कामाशी निगडित अवस्था म्हणून केली. म्हणून कामालाच हात घालावा लागतो.

सलग दहा-बारा दिवसांची सुट्टी झोप भरून काढते, मनगटालाही विसावा देते. पितृपक्षात ती सोयीची, कारण नवरीची कामं जवळपास नसतात. पण कमिशनवर असाल तर कमाई थांबते, आणि परतल्यावर पुढे ढकललेल्या सगळ्या अपॉइंटमेंट एकाच आठवड्यात कोंबल्या, तर सुट्टी चार दिवसांत वाया.

गिऱ्हाइकं कमी करणं कंटाळवाणं, पण टिकतं. तासाभराच्या फेशियलला अपॉइंटमेंटच्या वहीत 75 मिनिटं धरा. उरलेल्या पंधरा मिनिटांत साफसफाई, पाणी, बसणं. दोन फुल वॅक्स पाठोपाठ नकोत, मध्ये मेनिक्युअरसारखं बसून करायचं काम घ्या. थ्रेडिंगला खुर्ची उंच करा. दोरा दातात धरून वाकलं की मान आखडते. रात्री आठनंतर व्हॉट्सॲपवर बुकिंग बंद. हे बहुधा मोडतं ते ‘ताई, फक्त आयब्रो’वर! त्यासाठी दिवसाला दोनच जागा मोकळ्या ठेवा.

नोकरीत वही मालकिणीच्या हातात असेल, तर आधी सुट्टी मागणं सोपं. स्वतःचं पार्लर असेल तर आधी वही बदला. बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र आधी डॉक्टर.